सिंदखेडची लेक, कोल्हापूरचा कॅमेरा

भालजी पेंढारकरांनी १९४१ साली ‘थोरातांची कमळा’ काढला आणि १९६३ साली ‘मोहित्यांची मंजुळा’. दोन्ही नावांत बाई कोणाच्या घरातली ते आधी कळतं आणि मग तिचं नाव. गावाकडे लेकीबाळींची ओळख अशीच सांगतात. तिचं लग्न होवो, तिला नातवंडं होवोत, माहेरच्या गावात ती अमक्यांचीच राहते. भालजींना ही रीत पुरती ठाऊक होती. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्यांच्या चित्रपटांची यादी वाचताना एक नाव सारखं हुकल्यासारखं वाटतं. ‘जाधवांची जिजाऊ’ त्या यादीत नाही.

शिवाजी महाराजांचा काळ मराठी पडद्यावर इतक्या निष्ठेनं आणि इतका दीर्घकाळ मांडणारा दुसरा दिग्दर्शक झाला नाही. शिवकाळ म्हटला की जिजाऊ आल्याच. त्यांच्या पडद्यावर त्या आल्या, आणि अशा आल्या की पुढच्या प्रत्येक नटीला ती मूर्ती डोळ्यांसमोर ठेवूनच उभं राहावं लागलं. पण त्या सिंदखेडहून, म्हणजे आपल्या माहेराहून, आल्या नाहीत. त्या आल्या कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओतून. आमच्या लेकीचा चेहरा पाचशे किलोमीटरांच्या घरात असलेल्या गावातल्या एका माणसानं ठरवला, आणि आम्हीही तो मुकाट, किंबहुना कौतुकानं, आपला मानला. ते कसं घडलं हे पाहायचं तर या माणसाचं आयुष्यच उलगडायला हवं.

भालचंद्र गोपाळ पेंढारकर कोल्हापूरचे. त्यांच्या घरात सिनेमा जणू पाहुणा म्हणून आला आणि मुक्कामालाच राहिला. बाबूराव पेंढारकर हे थोरले भाऊ, मास्टर विनायक धाकटे, व्ही. शांताराम नात्यातले. गावात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. तिचा ‘सिंहगड’ १९२३ सालचा. मुंबईपुण्याबाहेरच्या एखाद्या गावात त्या काळी इतका सिनेमा एकवटलेला दुसरीकडे क्वचितच सापडला असता. भालजी तरुणपणी पुण्याला ‘केसरी’त होते, काही काळ लष्करातही होते. नाटकं लिहून झाली आणि मूकपटांच्या काळातच ते या धंद्यात शिरले. १९२५ सालच्या ‘बाजीराव मस्तानी’च्या दिग्दर्शनात नानुभाई देसाईंबरोबर त्यांचं नाव आहे. संजय लीला भन्साळींनी तोच विषय पडद्यावर आणला तो नव्वद वर्षांनी.

पुढच्याच वर्षी त्यांनी ‘वंदे मातरम् आश्रम’ काढला. इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका करणारा मूकपट. सरकारची कात्री त्याच्यावर चालायची ती चाललीच. भालजी राष्ट्रवादी होते, पुढे उघडपणे हिंदुत्ववादी झाले, आणि ही मतं त्यांनी कधी झाकून ठेवली नाहीत. त्यांच्या शिवपटांतली आच इथली आहे. त्यांचे चित्रपट आज पाहताना कुणाला ती खुपेल, कुणाला आवडेल, पण ती बाजूला काढून त्यांचा सिनेमा समजत नाही.

मूकपटाला वाचा फुटली आणि १९३२ साली भालजींच्या ‘श्यामसुंदर’नं मुंबईच्या वेस्ट एंड थिएटरात पंचवीस आठवड्यांचा पल्ला ओलांडला. दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनचा हा चित्रपट. शाहू मोडक कृष्ण, शांता आपटे राधा, दोघंही कोवळ्या वयाचे. भारतीय चित्रपटाचा पहिला रौप्यमहोत्सव म्हणून त्याचं नाव घेतात. मग पौराणिक चित्रपट झाले, १९३९ला ‘नेताजी पालकर’ झाला, ‘थोरातांची कमळा’ झाला, १९४३ला ‘बहिर्जी नाईक’. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिवाजी महाराजांवर थेट चित्रपट काढण्याआधी भालजी त्यांच्या सरदाराकडे गेले, हेराकडे गेले. छत्रपती मध्यभागी आले ते बऱ्याच उशिरा. मला यात त्यांचं शहाणपण दिसतं. राजाची गोष्ट राजाच्या माणसांवरून सांगितली की ती गावातल्या माणसाला आपली वाटते. राजाला आपण मुजरा करतो, पण बहिर्जी आपल्यात बसू शकतो.

चाळिशीच्या दशकात कोल्हापूर सिनेटोनची वास्तू भालजींकडे आली आणि जयप्रभा स्टुडिओ उभा राहिला. पृथ्वीराज कपूर तिथे ‘महारथी कर्ण’साठी आले. ‘वाल्मिकी’त त्यांचा पोरगा राज नारद झाला. पण जयप्रभाचं खरं काम निराळं होतं. तो स्टुडिओ म्हणजे तालीम होती. खडकलाट या चिकोडीजवळच्या सीमाभागातल्या खेड्यातून आलेल्या लाटकरांच्या मुलीला भालजींनी सुलोचना हे नाव दिलं. बोलायचं कसं, उभं कसं राहायचं, डोक्यावरचा पदर न ढळू देता संतापायचं कसं, हे ती तिथे शिकली. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू तिथलेच. सगळे भालजींना ‘बाबा’ म्हणत. पगारापेक्षा शिस्त मोठी आणि शिस्तीपेक्षा जिव्हाळा मोठा, असा तो कारभार असल्याचं त्यांच्या माणसांच्या आठवणींतून कळतं.

१९४८च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा जळाला. ‘मीठभाकर’ त्या आगीत गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पुन्हा चित्रित केला, आणि १९४९ साली तो पडद्यावर आला. पन्नाशीला टेकलेल्या, कर्जात बुडालेल्या माणसानं जळालेला चित्रपट नव्यानं काढायचा, तोही एका साध्या ग्रामीण संसाराची गोष्ट. या एका कृतीत भालजींचा सगळा स्वभाव आला. त्यानंतर त्यांची पैशाची चणचण सुटलीच नाही असं म्हटलं तरी चालेल.

१९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ आला. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत, चंद्रकांत शिवाजी महाराजांच्या भूमिकेत, पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंग, संगीत सी. रामचंद्रांचं. मराठी माणसाच्या मनातला पडद्यावरचा शिवाजी इथे पक्का झाला. मात्र त्या साली बुलढाणा जिल्हा कुठे होता, हे विसरून चालणार नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आमची राजधानी नागपूर होती. कोल्हापूर संस्थान नुकतंच मुंबई राज्यात विलीन झालेलं. म्हणजे शिवाजी महाराज एका राज्यात आणि त्यांचं आजोळ दुसऱ्यात. १९५६ साली वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्र झाला, तेव्हा कुठे दोन्ही घरं एका छपराखाली आली.

सिनेमाच्या धंद्यानं हा नकाशा त्यानंतरही मानला नाही. चित्रपट वितरकांच्या हिशेबात पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये आणि वऱ्हाड सी.पी. बेरार सर्किटमध्ये, हे आजतागायत चालू आहे. या मध्य सर्किटच्या वितरकांच्या संघटनेचं ठाणं भुसावळला, मलकापूरच्या पुढच्या जंक्शनला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर, खामगावला जलंबवरून फाटा. रिळांच्या पेट्या याच वाटेनं येत. या सर्किटमध्ये मध्य भारत आणि राजस्थानचा हिंदी मुलूख मोठा, त्यामुळे मराठी चित्रपट इकडे पाठवणं वितरकाला फारसं परवडत नसे. पुण्या-कोल्हापुरात महिनोन्महिने चाललेला चित्रपट आमच्याकडे उशिरानं, झिजलेल्या प्रिंटवर यायचा, आणि अनेकदा यायचाच नाही. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना मराठीपेक्षा हिंदी चित्रपट अधिक तोंडपाठ असतात. त्यात भाषाप्रेमाची कमतरता शोधू नये. रिळांची पेटी कोणत्या गाडीनं येते, यावरही रसिकता ठरते.

भालजींचे चित्रपट मात्र यायचे. तंबूतल्या सिनेमाला त्यांचा माल चालायचा. जत्रेत कनात लागायची, पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, आणि पडद्यावर तलवारी. शिवपट बघायला शहरी थिएटराची सवय लागत नाही. कीर्तन आणि पोवाडा ऐकलेल्या कानाला त्यातले संवाद थेट भिडतात. भालजी संवाद लिहीत ते याच कानासाठी. आजच्या कानाला ते जड वाटतात, नाटकी वाटतात, आणि काही ठिकाणी आहेतच. पण चारशे माणसं जमिनीवर बसलेली, ध्वनिक्षेपक खरखरतोय, बाहेर रहाटपाळणा करकरतोय, अशा जागी कुजबुजता संवाद कामाचा नसतो. भालजींना आपला प्रेक्षक कुठे बसतो हे ठाऊक होतं.

‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ सालचा. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झालेली. रामदासांचे शब्द शीर्षकात घेऊन भालजींनी स्वराज्याच्या उभारणीची गोष्ट सांगितली, आणि जिजाऊ झाल्या सुलोचना. संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. ‘मोहित्यांची मंजुळा’पासून भालजींसाठी त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. गीतकारांत ‘योगेश’ हे नाव दिसतं, ते खुद्द भालजींचं. डॉ. काशिनाथ घाणेकरांना या चित्रपटानं पडदा मिळाला. या सगळ्या मोठ्या नावांच्या गर्दीतही लक्षात राहतात त्या सुलोचनाबाईच.

त्यांनी काय केलं ते सांगणं सोपं नाही. त्या फारसं काही करतच नाहीत. ताठ बसतात, सावकाश बघतात, शब्द मोजून टाकतात. राजमाता म्हणजे घरातली मोठी बाई, जिच्यासमोर आवाज चढत नाही, ही भालजींची कल्पना त्यांनी अंगात मुरवली. मराठी प्रेक्षकांनी पुढची साठ वर्षं, म्हणजे जून २०२३ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत, सुलोचनाबाईंना ‘दीदी’ म्हटलं, आणि जिजाऊ म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवला. पुढे ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत आणि नंतर ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ या चित्रपटांत मृणाल कुलकर्णी जिजाऊ झाल्या. त्यांची जिजाऊ अधिक चपळ, अधिक राजकारणी आहे. तरी बैठक तीच आहे, जयप्रभातली.

माझी तक्रार या बैठकीशी नाही. तक्रार एवढीच की भालजींच्या जिजाऊ आई म्हणून सुरू होतात. त्या आधी कुणाची मुलगी होत्या, याला त्यांच्या शिवपटांत मध्यभागी जागा मिळाली नाही.

आणि ती गोष्ट तर दिग्दर्शकानं धावत येऊन उचलावी अशी आहे. सिंदखेडचे लखुजीराव जाधव निजामशाहीतले बडे सरदार. त्यांची मुलगी भोसल्यांच्या शहाजीला दिली. रंगमहालातल्या रंगपंचमीला लहानग्या जिजानं आणि शहाजीनं एकमेकांवर रंग टाकला, थोरल्यांनी थट्टेत जोडा जमवला आणि ती थट्टा खरी ठरली, ही कथा आमच्या भागात प्रत्येकाला येते. इतिहासाच्या ताजव्यात ती कितपत टिकेल ते सोडा. चित्रपटाला सुरुवात म्हणून याहून चांगली काय मिळणार? मग निजामशाही दरबार संपून सरदार बाहेर पडत असताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरतो. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तलवारी उपसतात. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी पडतो, दत्ताजीला मारणारा संभाजी भोसले, म्हणजे त्यांचा चुलत दीर, लखुजीरावांच्या हातून पडतो. शहाजीराजे जखमी होतात. एका दुपारी एका बाईचं माहेर आणि सासर एकमेकांचं वैरी होतं. आणि १६२९ साली दौलताबादेत निजामशहाच्या हुकमावरून लखुजीराव आणि त्यांचे मुलगे भर दरबारात मारले जातात. त्याच सुमाराला जिजाऊ शिवनेरीवर, शिवाजीच्या वेळी गरोदर.

हे भालजींना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? त्यांनी इतिहास कोळून प्यायला होता. तरी ते या वाटेला गेले नाहीत, आणि का गेले नाहीत याचा माझा एक अंदाज आहे. भालजींच्या सिनेमात बाजू स्पष्ट लागतात. इकडे स्वराज्य, तिकडे शत्रू, मध्ये फितूर. लखुजीराव या चौकटीत बसत नाहीत. ते निजामशाहीत होते, मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत आले. त्यांच्यानंतर घराण्यातली माणसं मोगलांच्या चाकरीत गेली. अशा माणसाच्या मुलीनं स्वराज्याची आई व्हावं, यात नाट्य आहे, पण ते नाट्य प्रेक्षकाला प्रश्न विचारायला लावतं. ‘आपला’ कोण, हा प्रश्न भालजींच्या चित्रपटांत पडतच नाही. तो पहिल्याच प्रसंगात सुटलेला असतो. भालजींचं बळ या सुटलेल्या प्रश्नात होतं आणि मर्यादाही तिथेच.

दुसरं कारण साधं, मातीचं. त्यांचा कॅमेरा कोल्हापूरच्या आसपास रमला. पन्हाळ्याचे कडे, तिथले वाडे, तिथल्या घोड्यांच्या पागा. स्टुडिओ हाताशी, माणसं घरची. सह्याद्रीचा कडा पडद्यावर दिसला की मराठी मनाला इतिहास सुरू झाल्यासारखा वाटतो, ही सवय त्यांनीच लावली. आमचा मुलूख पठारी, काळ्या मातीचा, कापसाचा. इथे कडे नाहीत, त्यामुळे मावळे नाहीत, त्यामुळे इतिहास नाही, असा काहीतरी विचित्र हिशेब पुढच्या चित्रपटवाल्यांनी आपोआप मांडला.

भालजींचं सर्वांत चांगलं काम मला विचाराल तर शिवपटांबाहेर आहे. ‘साधी माणसं’ (१९६५) ही लोहाराच्या जोडप्याची गोष्ट, खेड्यातून शहरात आलेल्या. जयश्री गडकर आणि सूर्यकांत. इथे भालजींचा संवाद उतरतो, माणसं खरोखर साधी बोलतात. या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाले, संगीताचाही मिळाला, आणि त्या समारंभात आनंदघन म्हणजे कोण हे सर्वांना कळलं, असं सांगतात. चार वर्षांनी ‘तांबडी माती’नं मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दादा कोंडके पडद्यावर पहिल्यांदा आले ते याच चित्रपटात, भालजींच्या घरून. दादांनी पुढे जे केलं ते बघून बाबांना काय वाटलं असेल, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ‘गनिमी कावा’ १९८१चा. काळ बदलला होता, भालजी बदलले नव्हते. स्टुडिओ आर्थिक ओढाताणीत आधीच लताबाईंकडे गेला होता. पुढे तो विकायचं निघालं तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले, आणि ते आंदोलन अनेक वर्षं धुमसत राहिलं. भालजींनी ‘साधा माणूस’ या नावानं आत्मचरित्र लिहिलं. मुलगा प्रभाकर पेंढारकर माहितीपटांत गेला आणि ‘रारंगढांग’सारखी कादंबरी लिहून गेला. वडिलांच्या तलवारींपासून हिमालयातल्या रस्ताबांधणीपर्यंतचं हे अंतर मोठं मजेशीर आहे. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना जाहीर झाला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २६ नोव्हेंबर १९९४ला ते गेले.

योगायोग असा की त्यांच्या अखेरच्या वर्षांतच सिंदखेडराजा जागं व्हायला लागलं. १९९०ला मराठा सेवा संघ स्थापन झाला, आणि जिजाऊंच्या जयंतीला, १२ जानेवारीला, राजवाड्यासमोर राज्यभरातून माणसं लोटायला लागली. आज त्या दिवशी जालना-मेहकर रस्त्यावर गाडी पुढे सरकत नाही. जिजाऊंच्या तसबिरी, पुस्तकं, भगवे फेटे यांचा बाजार भरतो. त्यातल्या कितीतरी तसबिरींतला पदर, कुंकू, नजर बघून मला जयप्रभाच आठवतो. माहेरानं लेक परत मागितली, पण चेहरा कोल्हापूरचाच ठेवून.

२०११ला ‘राजमाता जिजाऊ’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक यशवंत भालकर, पुन्हा कोल्हापूरचेच. २०१९ला ‘स्वराज्यजननी जिजामाता’ ही मालिका आली. दिवसाला एक भाग उरकायचा असतो, त्या मापानं मालिका ठीक होती. पण खंडागळ्यांच्या हत्तीच्या त्या दुपारवर, त्या एका दिवसावर, दोन तास कॅमेरा रोखून बसणारा दिग्दर्शक अजून यायचा आहे.

त्याला इथे काय मिळेल? राजवाड्याचा दरवाजा उभा आहे, त्यातून घोडेस्वार आत येऊ शकतो. रंगमहाल आहे. लखुजीरावांची भलीमोठी चौकोनी समाधी आहे, जिच्याशेजारी उभा राहिलेला माणूस आपोआप लहान दिसतो. दिग्दर्शकाला वेगळा कोन लावायची गरज नाही. काळा कोट आहे, नीलकंठेश्वराचं देऊळ आहे, मोती तलाव आहे आणि त्याच्या बांधावरून दिसणारं सपाट, मोकळं रान आहे. समृद्धी महामार्गाला इथे उतरायची सोय झाल्यापासून मुंबईहून युनिट एका दिवसात पोचेल. पाऊस जूनपर्यंत अडचण करणार नाही, आणि उन्हाळ्यातलं ऊन कॅमेरामनला हवं तसं, निर्दय मिळेल. जाधव-भोसल्यांची फौज म्हणून गर्दी हवी असेल तर देऊळगावराजापासून मेहकरपर्यंतची पोरं फेटे बांधून तयारच असतात, बारा जानेवारीला तालीम होतेच. हत्ती तेवढा बाहेरून आणावा लागेल, पण तो आता संगणकावरही मिळतो.